उसना नमस्कार

"शिर्के, नुसतं गुड मॉर्निंग म्हणायचं नाही. रशियनमध्ये बोलायचं. पहिल्या अर्ध्या मिनिटात माणूस आपला झाला पाहिजे."

आमचे प्लँट हेड देसाईसाहेब हे बोलले तेव्हा ऑडिटला आठ दिवस राहिले होते आणि माझ्या टेबलावर चौदा फायली अर्धवट पडून होत्या. आमची कंपनी चाकणला. ट्रॅक्टरचा मागचा भाग वरखाली करणारे हायड्रॉलिक सिलिंडर आम्ही बनवतो. मी तिथं क्वालिटी हेड. एका रशियन कंपनीला आमचे सिलिंडर हवे होते, पण मोठं गिऱ्हाईक आधी माणूस पाठवून कारखाना तपासतं. मशिन कशी आहेत, मोजमाप कसं घेता, काम करणाऱ्याला काम येतं का. त्याला ऑडिट म्हणतात. मुलगी बघायला पाहुणे येतात तसाच प्रकार, फक्त इथं पाहुणे पोह्यांवर ऐकत नाहीत.

"साहेब, दुभाषी येणार आहे ना बरोबर?" मी म्हणालो.

"दुभाषी बाकीचं बोलेल. नमस्कार तुम्ही करायचा. शिका यूट्यूबवर."

शिकायला बसलो. रशियनमध्ये आदरानं नमस्कार करायचा तर म्हणतात, झ्द्रास्तवुइत्ये. पंचावन्नाव्या वर्षी ही कसरत जिभेला झेपेना. थेरगावहून चाकणला येताना गाडीत म्हणायचो, सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघायला लागला की फोनवर बोलत असल्याचं दाखवायचो. घरी बायको म्हणाली, "गरम भजी खाल्ल्यासारखं काय करताय?" तीन दिवस असे गेले.

चौथ्या दिवशी मी होनिंग मशिनपाशी उभा होतो. होनिंग म्हणजे नळीची आतली बाजू बारीक दगडाच्या पट्ट्यांनी घासून गुळगुळीत करणं. दिसायला सोपं काम. पण नळीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याइतकं जरी मोठं झालं तरी सिलिंडर तेल गाळतो. या दोषाला आम्ही टेपर म्हणतो. त्या मशिनवर टेपर न येऊ देणारा एकच माणूस आमच्याकडे होता, नामदेव वाघ. वय छप्पन्न-सत्तावन्न. अकरा वर्षं त्याच मशिनवर, आणि अकरा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर.

मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होतो. वाघांनी मशिन थांबवलं.

"साहेब, तुमी सगळी अक्षरं म्हणायला जाता म्हणून अडकताय. मधलं थोडं गिळायचं असतं." आणि त्यांनी तो शब्द म्हणून दाखवला. सहज, आपण 'रामराम' म्हणतो तितका सहज.

मी बघतच राहिलो.

वाघ मूळचे नाशिककडचे. लहानपणी त्यांची आई एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत धुण्याभांड्याची कामं करायची. तिथं रशियन इंजिनीयर बायकामुलांसह राहायचे. नामदेव आईबरोबर जायचा आणि रशियन पोरांत खेळायचा. तान्या नावाच्या बाई होत्या. "आमी त्यांना त्योत्या तान्या म्हणायचो. त्योत्या म्हणजे मावशी. तिनं मला नीट बोलायला शिकवलं. नमस्कार चुकला की खाऊ मिळत नव्हता." ती माणसं परत गेली तेव्हा नामदेव बारा वर्षांचा होता.

"मग नंतर कुणाशी बोललात?"

"कुणाशी बोलू? चव्वेचाळीस वर्षं झाली साहेब, समोर रशियन माणूस आला न्हाई. कदी कदी मशिनशी बोलतो." ते हसले. मग हात पुसत म्हणाले, "ते पाहुणे येतील ना, त्यांना येकदा नमस्कार करायचाय मला. बाकी काय नको. त्योत्या तान्याचं बोलणं अजून येतं का, तेवढं बघायचंय."

"करायचा की! तुम्हालाच पुढं उभं करतो," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. मी शब्द दिला, ही गोष्ट मला टाळता येत नाही म्हणून इथंच लिहून ठेवतो.

त्या दिवसापासून चहाच्या सुट्टीत माझी शाळा भरू लागली. गुरुजी स्टुलावर, विद्यार्थी उभा. वाघांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पाहुण्याचं पुरं नाव काय?" मी ईमेल काढून वाचलं. व्हिक्टर पेत्रोविच आणि पुढं एक लांबलचक आडनाव. देसाईसाहेब आणि मी त्यांना मिस्टर पेत्रोविच म्हणणार होतो.

"अरारा. पेत्रोविच म्हंजे पेत्रचा ल्योक. आपल्यात न्हाई का, नाव, बापाचं नाव, आडनाव? तसंच त्यांच्यात. मोठ्या माणसाला नाव आन् बापाचं नाव जोडून हाक मारायची, तो मान. आडनावाची गरज न्हाई."

मग एकेक नियम. उंबऱ्याच्या अल्याड-पल्याड उभं राहून हात मिळवायचा नाही, आधी आत घ्यायचं. हे मला लगेच पटलं, आमची आई उंबऱ्यातून मीठसुद्धा देऊ द्यायची नाही. हातमोजा काढून हात द्यायचा. उगाच दात काढायचे नाहीत, हसू आलं तरच हसायचं. नमस्कार दिवसातून एकदाच. दुसऱ्यांदा केला तर त्यांना वाटतं, सकाळची भेट हा माणूस विसरला. मी वहीत लिहून घेत होतो. शेवटच्या दिवशी वाघांनी मला तीनदा म्हणायला लावलं आणि मान हलवली. "आता खाऊ मिळंल."

ऑडिटच्या आदल्या दुपारी एचआरच्या मोहिते मॅडमनी प्लॅन पाठवला. त्यात एक ओळ होती. कॉन्ट्रॅक्टची सर्व माणसं उद्या मागच्या गोडाऊनला, पाहुण्यांच्या वाटेवर दिसता कामा नयेत.

बाहेरच्यांना हे विचित्र वाटेल. आमच्या पट्ट्यात कुणाला वाटत नाही. गिऱ्हाइकाला सांगितलेलं असतं की महत्त्वाच्या मशिनवर आमची कायम माणसं आहेत. भिंतीवर तसा तक्ता लावलेला असतो. कुणाला कोणतं काम किती येतं, हे त्यात गोल रंगवून दाखवतात. पूर्ण काळा गोल म्हणजे माणूस तरबेज. त्याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. होनिंगपुढं काळा गोल गणेश पाटीलच्या नावाला होता. गणेश कायम होता, गुणी होता, पण त्याचं काम वेल्डिंगचं. वाघांचं नाव तक्त्यावर कुठंच नव्हतं. तक्त्याखाली क्वालिटी हेडची सही लागते. ती माझी होती. दर सहा महिन्यांनी मी ती करत आलो होतो, तक्ता न वाचता नव्हे, वाचून.

मी मोहिते मॅडमकडे गेलो. "एका माणसाला ठेवू या का? वाघांना?"

"सर, ठेवा. पण अकरा वर्षांच्या माणसाचं नाव तक्त्यावर का नाही, हे पाहुण्यांना तुम्ही सांगणार का?"

मी "बरं, बघू" म्हणालो आणि परत आलो. बघू म्हणजे नाही, हे मला ठाऊक होतं.

सकाळी वाघ गेटवर भेटले. गुळगुळीत दाढी, केस तेल लावून बसवलेले, कॉन्ट्रॅक्टरचा विटका निळा युनिफॉर्म इस्त्री केलेला. मी दुसरीकडे बघत म्हणालो, "वाघ, आज गोडाऊनला थांबा."

"आन् नमस्कार?"

"संध्याकाळी. जाताना. मी बघतो."

"बरं साहेब."

साडेनऊला व्हिक्टर पेत्रोविच आले. साठीचे, धिप्पाड, चेहरा असा की याला कुणी कधी विनोद सांगितलेला नसावा. बरोबर दुभाषी, पुण्यात रशियन शिकलेली केतकी नावाची मुलगी. दारातच त्यांनी हात पुढं केला. मी हात न देता दोन पावलं मागं सरलो, त्यांना आत येऊ दिलं आणि मग हात हातात घेऊन म्हणालो, "झ्द्रास्तवुइत्ये, व्हिक्टर पेत्रोविच."

तो दगडी चेहरा असा काही उजळला की काय सांगू. माझा हात सोडेनात. धाडधाड रशियन बोलायला लागले. केतकी म्हणाली, "सर, ते म्हणतायत, दहा दिवस झाले भारतात येऊन, वडिलांचं नाव घेऊन हाक मारणारे तुम्ही पहिलेच. उंबऱ्याचंसुद्धा माहीत होतं. विचारतायत, कुणी शिकवलं?"

देसाईसाहेब माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं असं कौतुक होतं. उत्तर सोपं होतं. आमच्या वाघांनी. दोन शब्द. पण मग, कोण वाघ? बोलवा की त्यांना. कुठं आहेत? गोडाऊनला. का? हा सगळा जिना डोळ्यांपुढं आला खरा, पण प्रामाणिकपणे सांगतो, त्याआधी वेगळंच वाटलं होतं. ते कौतुक मला एकट्याला हवं होतं.

"यूट्यूब," मी म्हणालो. "सेल्फ स्टडी."

देसाईसाहेबांनी पाठ थोपटली. पाहुण्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांचं नाव?" सदाशिव, मी सांगितलं. त्यानंतर दिवसभर मी विनायक सदाशिवोविच. माझे वडील पिंपरीत फिटर होते. दुसऱ्याचा स्पॅनर घेतला तर पुसून, नाव घेऊन परत करणारा माणूस. त्यांच्या नावानं हाक आली की सगळे हसायचे, मीही हसायचो आणि आतून खजील व्हायचो.

शॉप फ्लोअरवर पाहुणे प्रत्येक मशिनपाशी थांबले आणि उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाशी हात मिळवला. साहेबांशी एक हात आणि कामगाराला मान हलवणं, असला प्रकार नाही. तेलकट हातसुद्धा घेतले. होनिंगपाशी गणेश उभा होता. हात मिळवून झाल्यावर पाहुणे म्हणाले, "एक नळी करून दाखवा."

गणेशला आम्ही दोन दिवस शिकवलं होतं. त्यानं केली. मोजली. टेपर. दुसरी केली. टेपर. गणेशच्या कानामागून घाम निघाला. पाहुण्यांनी तक्त्याकडे बघितलं, मग गणेशकडे, मग वहीत काहीतरी लिहिलं. देसाईसाहेब माझ्या कानाशी आले. "वाघ कुठाय? आणा त्याला, पळा."

मी पळालो. गोडाऊनमध्ये लाकडी पॅलेटवर पंधरा-वीस माणसं बसली होती. मला बघून वाघ चटकन उठले, शर्ट खाली ओढला.

"बोलावलं का? नमस्काराला?"

"नाही हो. मशिनवर चला. टेपर येतोय."

आम्ही झपाझप निघालो. आता पुढचं लिहायला हात मागं येतो. मधल्या मोकळ्या जागेत मी म्हणालो, "वाघ, एक झालंय. मी तिथं सांगितलंय की मी यूट्यूबवर शिकलो. तर आता तुम्ही एकदम रशियन बोललात तर..."

वाघ चालायचे थांबले नाहीत. "बरं," म्हणाले. साहेब म्हणाले नाहीत.

मशिनपाशी पाहुण्यांनी हात पुढं केला. वाघांनी आधी उजव्या हातातला मोजा काढला, मग हात दिला. डोळ्यांत बघून, न हसता. सगळं त्योत्या तान्यानं शिकवलं होतं तसं. त्यांचे ओठ उघडले. मला वाटलं, आता. मग ते म्हणाले, "नमस्कार." मराठीत. आणि मशिनकडे वळले.

त्यांनी दगड तपासला, दाब थोडा कमी केला, नळी लावली. सहा मिनिटांत दोन नळ्या झाल्या. पाहुण्यांनी स्वतः गेज घालून मोजल्या. दोन्ही टोकं सारखी. ते वाघांना काहीतरी म्हणाले. केतकी भाषांतर करायला तोंड उघडतेय तोच वाघ बाजूला सरकले आणि त्यांनी खालचा दगडाच्या पट्ट्यांचा डबा उचलून पाहुण्यांपुढं धरला. पाहुण्यांनी तोच मागितला होता. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, आणि केतकीच्या.

जेवताना तिनं मला हळूच विचारलं. "सर, त्या काकांना रशियन कळतं का हो?"

ही दुसरी संधी होती. समोर देसाईसाहेब नव्हते, पाहुणे दुसऱ्या टेबलावर होते. माझं काही म्हणजे काही बिघडणार नव्हतं.

"छे हो," मी म्हणालो. "अंदाजानं दिला असेल."

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि वाटीतलं श्रीखंड संपवलं.

साडेपाचला पाहुणे निघाले. मुख्य दारापासून गाडीपर्यंत पन्नासेक पावलं. डाव्या हाताला टाइम ऑफिसचं छोटं गेट, जिथून कामगार जातात. कॉन्ट्रॅक्टरची बस सव्वापाचला सुटते. ती गेली होती. पण त्या गेटपाशी हातात डब्याची पिशवी घेऊन वाघ उभे होते. एकटे. संध्याकाळी जाताना, असं मी म्हणालो होतो. ते थांबले होते. आता दापोडीला घरी जायला त्यांना दोन बस बदलाव्या लागणार होत्या.

व्हिक्टर पेत्रोविच त्यांच्यापासून दहा-बारा फुटांवरून गेले. वाघ त्यांच्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. मी मान हलवायचा तेवढा अवकाश होता. पुढचं सगळं त्यांनी केलं असतं, दोन पावलं येऊन, मोजा नव्हताच, हात पुढं करून.

मी गाडीचा दरवाजा उघडायला वाकलो. दरवाजा ड्रायव्हर उघडणारच होता.

ऑडिटचा निकाल चांगला लागला. ऑर्डर मिळाली. एक नॉन-कन्फॉर्मन्स आला, म्हणजे कागदावर एक आणि जागेवर दुसरं, अशी चूक सापडली. होनिंगचा तरबेज माणूस तक्त्यावर नाही. अशी चूक मिटवताना कारणाचं मूळ शोधावं लागतं. त्यासाठी 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा आणि पाच रकान्यांत उत्तरं लिहायची. तिसऱ्या 'का'लाच उत्तर माझ्या सहीपाशी येऊन थांबलं. मी रकाना खोडला आणि लिहिलं, ट्रेनिंग रजिस्टर अपडेट नव्हते. वाघांचं नाव तक्त्यावर चढलं, पूर्ण काळ्या गोलासकट. माणूस कॉन्ट्रॅक्टवरच राहिला.

पाहुण्यांचं आभाराचं पत्र आलं. त्यात विनायक सदाशिवोविचच्या नमस्काराचा खास उल्लेख होता. देसाईसाहेबांनी ते सकाळच्या मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं. टाळ्या झाल्या. मी त्या घेतल्या.

वाघ दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी पूर्वीसारखेच वागत होते. कामापुरतं, अदबीनं. रागावले असते तर बरं झालं असतं. चहाच्या सुट्टीत मात्र ते स्टूल उचलून मशिनच्या पलीकडे नेऊन बसायला लागले.

दोन महिन्यांनी मला सहन होईना. देसाईसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगून टाकलं. नोकरी जाणार नाही, पण चार शब्द ऐकावे लागतील या तयारीनं गेलो होतो. साहेब हसायलाच लागले. "अहो शिर्के, मग तेव्हाच नाही का सांगायचं! आपण वाघांनाच पुढं केलं असतं. ऑडिट दोन तास लवकर आटोपलं असतं." झालं. ज्याच्या भीतीनं मी हे सगळं केलं, तिथं भिण्यासारखं काही नव्हतं.

तसाच वाघांकडे गेलो. म्हणालो, "वाघ, चुकलो मी. केतकीकडून व्हिक्टर पेत्रोविचचा नंबर घेतो. आपण व्हिडिओ कॉल लावू. तुम्ही पोटभर बोला."

ते नळी पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "बोलीन. पन पयला प्रश्न ते काय विचारतील? त्या दिवशी का बोलला न्हाईत म्हणून. मग मी काय सांगू? तुमचं नाव सांगू?"

"सांगा की."

"मी कशाला? तुमी सांगा आधी. मग मी बोलतो."

बरोबर होतं त्यांचं. त्यांनी अट घातली नव्हती, फक्त माझी जागा मला दाखवली होती. मी त्याच दुपारी व्हिक्टर पेत्रोविचना ईमेल लिहायला घेतला. डिअर सरपासून चारदा लिहिला. ऑर्डर चालू आहे, गिऱ्हाईक नवं आहे, त्यांना क्वालिटी हेडच खोटं बोलतो असं कळलं तर ते सिलिंडरच्या रिपोर्टवर काय विश्वास ठेवतील, अशी एकाहून एक चांगली कारणं सापडत गेली. मेल ड्राफ्टमध्ये आहे.

वाघ पुढच्या वर्षी काम सोडून गावी जाणार म्हणतात. ऑडिटर पुन्हा येतील तेव्हा कोण येईल सांगता येत नाही. या धंद्यात तीस वर्षं काढून मी एवढंच शिकलो की चूक लहान असताना कबूल केली तर ती चूक असते, नंतर ती आपली पद्धत होते.

मेल जाईना, म्हणून हे सगळं लिहून काढलं. मराठीत. व्हिक्टर पेत्रोविचना मराठी येत नाही, हे मला पक्कं माहीत आहे.